मोकळ्या जागेची व्याख्या

पालिकेच्या नगररचना विभागात तिला कात्री म्हणत. तोंडावर कात्रीबाई आणि पाठीमागे नुसतीच कात्री. तिला दोन्ही माहीत होतं आणि दोन्हींचा छुपा अभिमानही होता. नियमांची भाषा तपासून देणं हे तिचं काम, आणि सरकारी भाषा म्हणजे तीनदा 'सदर' आणि चारदा 'उपरोक्त' घातल्याशिवाय जिला अंगभर कपडे घातल्यासारखं वाटतच नाही अशी भाषा. कात्रीबाई लाल पेन्सिल घेऊन बसायची आणि त्या भाषेचे एकावर एक चढवलेले कोट उतरवायची. तिच्या हाताखालून गेलेला नियम शाळेतल्या पोरालाही कळतो, असं लोक म्हणत. ते खरंच होतं.

राहत्या घरांच्या रचनेचे तीस वर्षं जुने नियम पालिकेने फेरआढाव्याला काढले, तेव्हा समिती आठ महिने बसली. इंजिनियर जिन्याच्या रुंदीवरून भांडले, न्हाणीघराच्या उंचीवरून भांडले, गाड्या कुठे लावायच्या यावरून तर एकमेकांच्या उरावर बसायचे बाकी राहिले. भाषेवरून कुणी भांडलं नाही. ती सगळी कात्रीबाईवर सोपवली होती. एकशे चौदा पानांचे नियम तिने एकसष्ट पानांवर आणले. आयुक्तांनी भर बैठकीत ते दोन्ही गठ्ठे दोन हातांत धरून तोलून दाखवले, आणि टाळ्या पडल्या.

त्या कापलेल्या त्रेपन्न पानांत एक ओळ होती. जुना नियम असा होता: 'राहण्याच्या प्रत्येक खोलीस किमान एक खिडकी असावी व ती वर आकाशापर्यंत मोकळ्या असलेल्या जागेत उघडावी.' कात्रीबाईने तो जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवला होता. "वर आकाशापर्यंत," ती म्हणाली होती, "म्हणजे काय? मोकळ्या जागेच्या वर आकाश नसेल तर काय माळा असेल?" सगळे हसले. एका इंजिनियरला तर ठसका लागला. तिने ते दोन शब्द लाल रेघेने उडवले, समासात लिहिलं, 'द्विरुक्ती. वगळले,' आणि खाली सही करून तारीख घातली. माणूस जिथे कच्चा असतो तिथे चार जणांना विचारतो. जिथे हुशार असतो तिथे विचारत नाही, आणि गोता तिथेच खातो. तिनेही कुणाला विचारलं नाही. नवे नियम मंजूर झाले आणि लागू झाले.

तिची आत्या शहराच्या जुन्या भागात, एका चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. एक खोली आणि स्वयंपाकघर. पुढच्या बाजूला सगळ्यांचा मिळून एक बंदिस्त व्हरांडा, त्यामुळे पुढून उजेडाच्या नावाने शंख. मागे मात्र भिंतभर रुंद खिडकी. खिडकीखाली एक गल्ली आणि गल्लीपलीकडे मॉलची पाठ. गल्लीची जमीन मॉलचीच होती, पण नियमापोटी सोडावी लागलेली. मॉलची ती बाजू म्हणजे सामान उतरवायचे दरवाजे आणि एक लांबच लांब करडी भिंत. बघण्यासारखं काही नाही. पण भिंतीच्या वर आकाश होतं, आणि सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत आत्याच्या खोलीत असा उजेड यायचा की जमिनीवर पडलेली टाचणी दिसावी.

आत्याला तो लागायचा. ती रफू करायची. कोट, शाली, साड्या, गणवेश. कसर लागलेलं, खिळ्याला अडकून फाटलेलं, विडीने जळलेलं. लोकांना वाटतं रफू म्हणजे सुई-दोऱ्याचं काम. आत्या म्हणायची, ते डोळ्यांचं काम आहे, सुई फक्त निमित्त. कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा काढला तर तो वरच्या कापडाहून गडद निघतो, कारण वरचं कापड उन्हाने विटलेलं असतं. मग डब्यातल्या शेकडो रिळांतून असा धागा हुडकायचा, जो तेवढाच विटलेला आहे. हे दिव्याखाली होत नाही. दिवा प्रत्येक रंगात आपला रंग मिसळतो. चाळीस वर्षं आत्याने दिवे लागल्यावर सुई हातात धरली नव्हती. आईबाप गेल्यावर कात्रीबाई याच खिडकीखाली वाढली, शिकली आणि नोकरीला लागली. आता तिचं स्वतःचं घर वीस मिनिटांवर होतं, पण दर रविवारी ती इथे यायचीच.

अशाच एका रविवारी आत्या म्हणाली, "आपल्या मागच्या भिंतीवर कुणीतरी लाल ठिपके काढून गेलंय. वर, चौथ्या मजल्याच्याही वर, गच्चीच्या खाली. एका ओळीत. मोजले मी, अकरा आहेत."

"रंगकाम असेल," कात्रीबाई म्हणाली.

"रंगकामाला आधी ठिपके काढतात होय? दोन माणसं आली होती. एकदम सभ्य. मला म्हणाले, आजी, ही खिडकी दिवसातून किती तास उघडी असते? मी म्हटलं, मी मेल्यावर बंद होईल. तर तेसुद्धा लिहून घेतलं त्यांनी."

कात्रीबाई हसली. पण घरी जाताना ती गल्लीतून गेली आणि तिने मान वर करून बघितलं. ठिपके होते. मॉलच्या भिंतीवरही, समोरासमोर, तितकेच, त्याच उंचीवर. जणू दोन इमारतींना कुणीतरी बटणं लावून काजं पाडून ठेवली होती. हे कशासाठी, ते मात्र तिला कळलं नाही.

कळलं ते बारा दिवसांनी. मॉलच्या विस्ताराचा प्रस्ताव विभागात आला आणि शेरा लिहिण्याआधी भाषा बघायला तिच्या टेबलावर आला. नकाशे तिला फारसे वाचता येत नसत. पण एक नकाशा इमारत उभी कापून दाखवणारा होता आणि तो कुणालाही कळला असता. डावीकडे मॉल. उजवीकडे चार मजली इमारत, आत्याची. मध्ये गल्ली, आणि गल्लीत आता चाकांवरचे ठेले, बाकं, कुंड्या, छोटी छोटी माणसं. आणि वर, चौथ्या मजल्याच्या खिडक्यांवरून, एका इमारतीपासून दुसऱ्या इमारतीपर्यंत एक सरळ काळी रेघ. रेघेपाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'अपारदर्शक छत, आतून निळा रंग व कायम प्रकाशयोजना.' खाली कंपनीने स्वतःच खुलासा जोडला होता. शेजारच्या घरांच्या खिडक्या पूर्वीप्रमाणेच मोकळ्या जागेत उघडतील. नव्या नियमांनुसार मोकळी जागा म्हणजे जिच्यावर बांधकाम उभं नाही अशी जागा. छत गल्लीत उभं नाही. ते दोन्ही इमारतींच्या भिंतींत, मालकांच्या संमतीने, बसवलेल्या लोखंडी आधारांवर आहे. नियमाचा भंग नाही.

तिने तो खुलासा तीनदा वाचला. भाषा सुरेख होती. एक शब्द जास्त नव्हता.

साहेबांच्या खोलीत ती नकाशा घेऊनच गेली. साहेब म्हणजे विभागप्रमुख. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, कुणाचं वाईट न करणारा आणि म्हणूनच कुणाचं भलंही न केलेला माणूस. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं, मग जुना नियम मागवला, मग नवा.

"आम्ही सगळेच हसलो होतो," शेवटी ते म्हणाले.

"शुद्धिपत्रक काढता येईल ना, साहेब? दोन शब्द परत घालायचे."

"शुद्धिपत्रक लेखनदोषाला निघतं. टाइप करताना ओळ गळली, आकडा चुकला, असं काही. विचार करून काढलेले शब्द परत घालायचे तर पुन्हा समिती, पुन्हा हरकती, पुन्हा मंजुरी. वर्ष जाईल. ह्यांचं छत तीन महिन्यांत उभं राहील." ते थांबले. "लेखनदोष होता, असं तुम्ही लिहून दिलंत, तर मी आजच सही करतो."

"पण फायलीत माझा शेरा आहे. सहीनिशी."

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. "फाइल मी काही बघितलेली नाही," ते म्हणाले.

फाइल दप्तरखान्यात होती. तिथला दप्तरी जुना माणूस, तिच्या आधीपासूनचा. त्याने न विचारताच गठ्ठा काढून तिच्यापुढे ठेवला, आणि समासात लाल अक्षर असलेलं पान बरोब्बर वर आलं. म्हणजे बातमी तिच्या आधी पोचली होती. "ह्या जुन्या फायलींची पानं फार सैल असतात, बाई," तो म्हणाला. "झाडताना एखादं पडतं. मी चहा पिऊन येतो." तो गेला. ती त्या पानासमोर चांगला अर्धा तास बसली. 'द्विरुक्ती. वगळले.' अक्षर किती सुंदर होतं. किती ठसठशीत.

पान तिने फाडलं नाही. खोटं करायचं नव्हतं, हे खरं. ज्या टंकलेखिकेने ते पान टाइप केलं तिच्या माथी चूक मारायची नव्हती, हेही खरं. पण सगळ्यात खरं हे, की आपल्या हातून चुकून शब्द गळला असं म्हणणं कात्रीबाईला सहन होत नव्हतं. वीस वर्षांत तिच्या हातून एक वेलांटी चुकून गळली नव्हती. तिने स्वतःला सांगितलं, सुनावणी आहे ना? भर सभेत खरं सांगू. माणसंच आहेत, समजून घेतील. ज्याने शब्द काढला तोच म्हणतोय की काढायला नको होता, यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

सुनावणी पालिकेच्या सभागृहात झाली. आत्याच्या इमारतीतले सगळे आले होते. तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमन, चौथ्या मजल्यावरची नर्स रात्रपाळी करून तशीच आलेली, आणि आत्या, गुडघ्यांवर हात दाबत एकेक पायरी चढलेली. तिने आपला जाड भिंगांचा चष्मा लावला होता आणि भाचीकडे बघून मान हलवली. घरात तिने भाचीला एवढंच विचारलं होतं, "तुला बोलू देतील ना गं?" शब्द कुणी काढला, ते तिला माहीत नव्हतं.

कंपनीचे वकील मऊ आवाजाचे होते. त्यांनी पडद्यावर गल्लीचं चित्र दाखवलं. निळं छत, त्यावर पांढरे ढग रंगवलेले, खाली लोक हसत चाललेले. पोस्टमन उठून म्हणाले, "आम्हाला खरं आकाश असताना चित्रातलं कशाला?" लोक हसले. वकीलही हसले. मग अध्यक्षांनी विभागाचं म्हणणं विचारलं, आणि कात्रीबाई उभी राहिली.

ती म्हणाली, "जुन्या नियमात 'वर आकाशापर्यंत' असे शब्द होते. ते मी काढले. अर्थ बदलणार नाही, असं मला वाटलं होतं. मोकळी म्हणजे आकाशापर्यंत मोकळी, हे कुणालाही कळेल असं वाटलं होतं. माझी चूक झाली. नियमाचा हेतू तोच आहे, जुना."

तिला जरा हलकं वाटलं. आत्याकडे बघायचं धाडस मात्र झालं नाही.

वकील उठले. "मॅडम, तुम्ही फार प्रामाणिकपणे बोललात. त्याबद्दल आभार. फक्त दोन प्रश्न. हे शब्द टाइप करताना गळले का?"

"नाही."

"म्हणजे तुम्ही वाचले, विचार केला, आणि काढले?"

"हो, पण तेव्हा मला..."

"धन्यवाद." ते अध्यक्षांकडे वळले. "महोदय, नियम लिहिणाऱ्यांच्या तोंडूनच आलं आहे. आठ महिने अभ्यास करून, तज्ज्ञ अधिकाऱ्याने, जाणूनबुजून आकाशाची अट काढून टाकली. समितीने ते मान्य केलं. आता अट काढून टाकलेली असताना ती आहे, असं कसं मानायचं? मॅडमनी आज केलेलं निवेदन इतिवृत्तात जसंच्या तसं घ्यावं, एवढीच आमची विनंती."

घेतलं गेलं. जसंच्या तसं. चूक केली तेव्हा ती एका ओळीची होती. खरं बोलून तिने त्या चुकीला पुरावा जोडला. साप मारायला उचललेली काठी आपल्याच डोक्यात बसावी तसं झालं. साहेब पहिल्या रांगेत बसून आपल्या नखांकडे बघत होते.

बाहेर पायऱ्यांवर नर्सने तिच्याकडे बघितलं आणि ती पुढे निघून गेली. पोस्टमन अजून अपिलाचं बोलत होते. कुठे अर्ज करायचा, कुणाला भेटायचं. आत्या कठड्याला धरून उभी होती. "आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावणार, भाऊ," ती त्यांना म्हणाली. मग भाचीचा हात धरून उतरू लागली. अर्ध्या जिन्यात तिने विचारलं, "खरं बोललीस ना तू?"

"हो."

"मग झालं," आत्या म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर कात्रीबाईला त्याचं काहीतरी करता आलं असतं. या नुसत्या 'मग झालं'चं काही करता येत नव्हतं.

छत तीन महिन्यांत नाही, सात आठवड्यांत चढलं. लाल ठिपक्यांच्या जागी भिंतींत लोखंडी आधार आले, आधारांवर तुळया, तुळयांवर पत्रे. पत्रे गल्लीच्या एका टोकाकडून एकेक करत पुढे सरकत होते. कात्रीबाई आता रोज कामावरून सुटल्यावर यायची आणि खिडकीतून बघायची. सोमवारी आकाश नऊ पत्र्यांइतकं उरलं होतं, गुरुवारी पाच. आत्याने त्या काळात झपाटल्यासारखं काम केलं. नंतरच्या तारखांचे कपडेही आधी घेतले, पाठ दुखली तरी उठली नाही. पोळी लाटताना माणूस संपत आलेला गॅस बघून घाई करतो तशी घाई. शेवटचा पत्रा बसला त्या दुपारी खोलीत क्षणभर पूर्ण अंधार झाला, आणि मग निळ्या छताखाली सगळे दिवे एकदम लागले. खोली पांढरी झाली. सकाळ, दुपार, संध्याकाळ, एकसारखी पांढरी. आठवड्याने पालिकेचं पत्र आलं: मॉलच्या आतील हवा थंड राखण्यासाठी सदर खिडक्या उघडू नयेत. ते पत्र तपासायला कात्रीबाईच्या टेबलावर आलं नव्हतं. आता तिच्या टेबलावर फारसं काही येत नव्हतं.

पुढच्या शनिवारी दुपारी ती गेली तेव्हा आत्या खिडकीशीच बसलेली होती, बंद काचेला पाठ लावून. काचेपलीकडे, मॉलने दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर टांगलेल्या नव्या सज्जावरून, लोक पिशव्या घेऊन चालले होते. एक बाई थांबून आत बघत होती. तिला वाटलं असावं, हेही दुकानच आहे. आत्याच्या मांडीवर एक राखाडी कोट होता. तिचा चेहरा खुलला होता, कित्येक दिवसांत नव्हता इतका.

"जमलं बघ," ती म्हणाली. "मला वाटलं होतं उजेड गेला की काम गेलं. पण चाळीस वर्षं हातानं केलंय, हाताला रंग कळतो. दोन दिवस बसले याच्यावर. खिशाजवळ मोठं भोक होतं, बोट जाईल एवढं. शोधून दाखव."

कात्रीबाईने कोट उजेडात धरला. खरंच काही दिसत नव्हतं. एकसारखं राखाडी कापड.

"इथं नको," आत्या म्हणाली. "खाली घेऊन जा. पुढच्या रस्त्यावर, उन्हात. माझे गुडघे काही चढउतार करू देत नाहीत. बघून ये आणि खरं सांग."

ती कोट हातावर टाकून खाली उतरली. रस्त्यावर कलत्या दुपारचं तिरकं, स्वच्छ ऊन होतं. तिने कोट पसरला. शोधावं लागलं नाही. खिशाच्या वर, नाण्याएवढा, हिरवट डाग होता. राखाडी कापडावर शेवाळ धरल्यासारखा. टाके एकसारखे, बारीक, आत्याचे; एकही वाकडा नाही. फक्त रंग दुसराच. रस्त्यापलीकडून जाणाऱ्या माणसालाही दिसला असता.

कात्रीबाई तिथे बराच वेळ उभी राहिली. वर जाऊन सांगावं, तर आत्या आजच सुई ठेवून देईल, हे तिला ठाऊक होतं. सांगू नये, तर? खरं बोलून काय होतं ते तिने एकदा बघितलं होतं. पायऱ्या चढताना तिने कोटाची घडी अशी घातली की डाग आत गेला.

"सापडलं?" आत्याने विचारलं.

"नाही," कात्रीबाई म्हणाली.

आत्याने डोळे मिटले, उघडले, आणि ती हसली. मग बाजूच्या ढिगातून पुढचा कपडा ओढला; तसे अजून सहा होते. डब्यातली दोन रिळं काढून ती त्या पांढऱ्या उजेडात शेजारी शेजारी धरून बघू लागली.

"हा कोट कुणाचा?" कात्रीबाईने विचारलं.

"मुख्याध्यापिका बाईंचा. आता येतीलच, पाचला सांगितलंय. फार चोखंदळ आहेत बाई." आत्याने सुईत धागा ओवला. "पैसे द्यायच्या आधी खाली जाऊन उन्हात बघतात."